दात्याची संमती : मासिक देणगी नव्या व्यवस्थेकडे नेताना

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील बुद्धलेण्यांना लोक आजही पांडवलेणी म्हणतात. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. सहलीला गेलो की विद्यार्थ्यांना आम्ही तो आवर्जून दाखवतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात ते लेणे भिक्खुसंघाला दिले आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे जिची मुद्दल कधीही मोडायची नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी ठेव. ही रक्कम उषवदाताने भिक्खूंच्या हाती दिली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती गुंतवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी बारा कार्षापण द्यावेत, असे लेखात नमूद आहे. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब तंतोतंत जुळतो.

हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि नोंदकचेरीत रीतसर नोंदवला गेला, असेही तो लेख सांगतो. दान देणारा, दान सांभाळून वेळोवेळी पोहोचवणारा मध्यस्थ आणि सर्वांना पाहता येईल अशी नोंद, हे तीन घटक तेथे स्पष्ट दिसतात. आपल्या विद्यालयाला दरमहा मिळणारी देणगी याच तीन पायांवर उभी आहे. यंदा त्यांतला मधला पाय बदलत आहे. ज्या मध्यस्थ कंपनीमार्फत, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या शब्दांत ज्या ‘पेमेंट गेटवे’मार्फत, आपली देणगी विद्यालयाच्या खात्यात येते, ती व्यवस्था येत्या १ एप्रिलपासून बदलण्याचा निर्णय व्यवस्थापन समितीने घेतला आहे. हा बदल नेमका काय आहे, त्यासाठी दात्यांना पुन्हा तसदी का द्यावी लागते आणि ती तसदी कशी घ्यावी, हे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मासिक देणगीचे मोल

स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली जाते, तेव्हा मोठ्या रकमा वर येतात. इमारतीच्या खोलीवर, पाण्याच्या टाकीवर नावे कोरली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु वसतिगृहाचे भोजनगृह मोठ्या देणगीवर चालत नाही. अनुदान यायचे तेव्हा येते. किराणा, गॅस, दूध आणि भाजीपाला यांची बिले मात्र महिन्याच्या महिन्याला येतात. शंभर, दोनशे, पाचशे रुपयांच्या ज्या देणग्या दर महिन्याला न चुकता येतात, त्यांच्या भरवशावर आम्ही पुढच्या महिन्याची ज्वारी आणि तूरडाळ मागवू शकतो. एकदाच मिळालेले पन्नास हजार रुपये आणि वर्षभर दरमहा येणारे चार-सव्वाचार हजार रुपये यांची बेरीज जवळपास सारखी असली, तरी स्वयंपाकघराच्या दृष्टीने दुसरी रक्कम अधिक उपयोगाची, कारण ती केव्हा येणार हे ठाऊक असते.

नियमित, लहान आणि अनेकांच्या हातून येणारे दान ही आपल्या प्रांतातील वसतिगृहांची जुनी परंपरा आहे. रयत शिक्षण संस्थेसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रूढ केलेला ‘मुष्टिफंड’ सर्वांना माहीत आहे. दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहातील मुलांसाठी द्यायचे. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. शिकणाऱ्या मुलाला राहायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाल्याशिवाय शाळेचे दार उघडे असूनही उपयोग नाही, हे त्या पिढीने ओळखले होते. आज मुठीची जागा मोबाइलने घेतली आहे. फरक एवढाच, की मूठ थेट मडक्यात पडत असे आणि आजचा रुपया चार हातांतून फिरून येतो.

एका रुपयाचा प्रवास

दात्याच्या बँकखात्यातून निघालेला रुपया विद्यालयाच्या खात्यात येईपर्यंत साधारणपणे चार टप्पे पार करतो. पहिला टप्पा दात्याची स्वतःची बँक. दुसरा टप्पा बँकाबँकांना जोडणारे जाळे. यूपीआय आणि ‘नॅच’ ही दोन्ही जाळी भारतीय राष्ट्रीय देयक निगम चालवते, तर कार्डांची जाळी रूपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांची आहेत. तिसरा टप्पा मध्यस्थ कंपनी. ती अनेक संस्थांच्या वतीने पैसे गोळा करते, प्रत्येक रकमेची नोंद ठेवते आणि रक्कम ज्या त्या संस्थेकडे वळती करते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार या कंपन्यांना गोळा केलेली रक्कम स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाही, ती बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. चौथा टप्पा विद्यालयाची बँक.

आपल्याकडे बदलतो आहे तो केवळ तिसरा टप्पा. विद्यालयाचे बँकखाते तेच आहे, संस्थेची नोंदणी तीच आहे, देणगी ज्या कामासाठी घेतली जाते ते कामही तेच आहे. जुन्या कंपनीकडून मासिक तपशील उशिरा मिळत असे, त्यामुळे कोणाची देणगी आली आणि कोणाची अडली हे वेळेत कळत नसे. यूपीआयवरील स्वयंचलित देणगीची सोयही तेथे नव्हती. या दोन कारणांमुळे समितीने बदल स्वीकारला.

आम्हीच का बदलू शकत नाही?

अनेक माजी विद्यार्थ्यांनी आम्हाला हा प्रश्न विचारला : “सर, आमची माहिती तुमच्याकडे आहेच, मग ती या कंपनीकडून त्या कंपनीकडे पाठवून द्या. आम्हाला पुन्हा कशाला लिंक उघडायला लावता?” प्रश्न रास्त आहे. काही देशांत असे घडतेही. तेथे एक कंपनी दुसऱ्या कंपनीकडे कार्डांची माहिती सांकेतिक स्वरूपात सुपूर्द करते आणि दात्याला काहीच करावे लागत नाही. भारतात मात्र दरमहा रक्कम वजा होण्याची परवानगी, जिला ‘मँडेट’ म्हणतात, ती दात्याने स्वतः आपल्या बँकेला दिलेली असते आणि तीत रक्कम कोणाला, किती व कोणत्या मार्गाने द्यायची हे ठरलेले असते. तिचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार कार्डाचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्डांचे जाळे यांच्याखेरीज कोणालाही दात्याच्या कार्डाचा संपूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी ‘टोकन’ नावाचा पर्यायी क्रमांक वापरला जातो आणि तो ठरावीक कार्ड, ठरावीक मध्यस्थ व ठरावीक संस्था यांच्यापुरताच चालतो. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागत नाही, तसेच हे आहे.

दुसरा प्रकार यूपीआय ऑटोपेचा. ही सोय जुलै २०२० पासून उपलब्ध झाली. दाता आपल्या मोबाइलमधील ॲपवर रक्कम व मुदत पाहून यूपीआय पिन टाकतो आणि त्या संमतीला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो. ती संमती ज्याच्या नावे दिली, त्याच्याच नावे राहते.

तिसरा प्रकार नॅचचा. यात दाता कागदावर सही करून किंवा नेट बँकिंग, डेबिट कार्ड यांद्वारे आपल्या बचत खात्यातून रक्कम वजा करण्यास परवानगी देतो. आपल्या जुन्या नॅच परवानग्या जुन्या कंपनीच्या व्यवस्थेत नोंदलेल्या असल्यामुळे नव्या व्यवस्थेसाठी नवे परवानगीपत्र भरावे लागेल.

याखेरीज काही जण बँकेत स्थायी सूचना देऊन दरमहा थेट विद्यालयाच्या खात्यात रक्कम पाठवतात. तेथे मध्यस्थ कंपनी नसतेच. त्यांना काहीही बदलावे लागणार नाही.

२०२१ चा धडा

या बदलाबाबत आम्ही इतके सविस्तर लिहितो आहोत, त्यामागे एक अनुभव आहे आणि त्यात चूक आमची होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा होणाऱ्या वजावटींबाबत रिझर्व्ह बँकेचे नवे नियम पूर्णतः लागू झाले. नव्या पद्धतीने पुन्हा संमती न दिलेल्या कार्डांवरील वजावटी थांबल्या. त्या महिन्यापासून विद्यालयाची मासिक जमा घसरली. आम्हाला वाटले, कोरोनाने लोकांच्या नोकऱ्या गेल्या, घरे अडचणीत आली, त्यामुळे दात्यांनी हात आखडता घेतला असेल. अशा वेळी फोन करून ‘तुमची देणगी का थांबली’ असे विचारणे आम्हाला अशोभनीय वाटले. आम्ही गप्प राहिलो. भोजनगृहातील दुधाचे प्रमाण कमी केले, किराणा दुकानदाराकडे उधारी वाढवली.

पुढच्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला आपली एक माजी विद्यार्थिनी आली. ती परिचारिका आहे. तिने सहज विचारले, “सर, यंदा माझी देणगीची पावती आली नाही.” नोंदवही काढून पाहिली, तर मागील ऑक्टोबरपासून तिच्या नावापुढे एकही रुपया जमा नव्हता. तिचा चेहरा उतरला. बँकेचा संदेश तिला आला होता, पण फसवणुकीच्या संदेशांचे ते दिवस, म्हणून तिने तो उघडलाच नव्हता. वर्षभर ती समजत होती की आपण देत आहोत आणि वर्षभर आम्ही समजत होतो की तिने देणे थांबवले. त्यानंतर आम्ही एकेका दात्याला फोन केले. बहुतेकांचे उत्तर तेच होते. त्यांची श्रद्धा तसूभरही कमी झाली नव्हती. बंद पडला होता तो फक्त मार्ग, आणि आमच्या संकोचामुळे ते कळायला वर्ष लागले.

मध्यस्थ बदलताना सर्वांत मोठा धोका हाच असतो. कोणी दान नाकारत नाही, कोणी पैसे लुबाडत नाही, तरीही दाते गळतात. म्हणून या वेळी समितीने ठरवले आहे की १ एप्रिलनंतर ज्यांची नवी संमती नोंदली गेलेली नसेल, त्या प्रत्येकाला एकदा फोन केला जाईल. तो आग्रहाचा फोन नसेल. देणगी थांबवायची असेल, तर तसे निःसंकोच सांगावे. आभार मानून आम्ही नोंद घेऊ.

संमती पुन्हा घेण्यामागचे शील

दात्याला पुन्हा विचारावे लागणे ही तांत्रिक कटकट आहे असे प्रथम आम्हालाही वाटले होते. विचाराअंती मत बदलले. पंचशीलातील दुसरे शील ‘अदिन्नादाना’पासून विरत राहण्याचे आहे. अदिन्नादान म्हणजे न दिलेले घेणे. भगवान बुद्धांच्या शिकवणीत हा शब्द ‘चोरी’ या शब्दाहून व्यापक आहे. एखादी वस्तू देणाऱ्याने ज्याला, जितकी आणि ज्या हेतूने दिली, त्यापलीकडे जाऊन घेणे हेही न दिलेले घेणेच होय. एका व्यवस्थेला दिलेली परवानगी दात्याच्या नकळत दुसऱ्या व्यवस्थेकडे वळवली, तर हेतू शुद्ध असूनही आपण त्या रेषेच्या जवळ जातो. आपल्या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आयुष्यात ‘तुला विचारायचे काय’ ही वागणूक पुरेशी आली आहे. शंभर रुपये देणाऱ्या माउलीलाही विचारूनच शंभर रुपये घेतले पाहिजेत.

नियमही याच दिशेचे आहेत. नोंदणीच्या वेळी ओटीपी किंवा पिन टाकून दात्याने स्वतः मंजुरी द्यावी लागते. रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी दात्याला सूचना मिळाली पाहिजे आणि त्या महिन्याची वजावट नाकारण्याची मुभा असली पाहिजे. परवानगी केव्हाही रद्द करता येते. या सोयीबद्दल बँकेने ग्राहकाकडून शुल्क घ्यायचे नाही. १५,००० रुपयांपर्यंतची मासिक रक्कम दरवेळी पिन न टाकता वजा होऊ शकते. ही मर्यादा पूर्वी ५,००० होती, जून २०२२ मध्ये ती वाढवण्यात आली. आपल्या बहुतेक देणग्या या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत.

दात्यांनी काय करावे?

पहिली पायरी : विद्यालयाच्या कार्यालयात या, किंवा या वर्षी वर्गप्रतिनिधींमार्फत छापील पत्रासोबत दिलेला क्यूआर कोड वापरा. नाव पॅन कार्डावर आहे तसेच लिहा. पॅन, पत्ता व मोबाइल क्रमांक पुन्हा भरा, कारण जुनी माहिती आपोआप पुढे जाणार नाही.

दुसरी पायरी : रक्कम, वजावटीची तारीख आणि मुदत स्वतः निवडा. पगार किंवा निवृत्तिवेतन ज्या दिवशी खात्यात येते, त्यानंतर तीन-चार दिवसांची तारीख ठेवावी. पहिली वजावट १ एप्रिलनंतरची असेल याची खात्री करा. काही वेळा नोंदणी करताना खाते तपासण्यासाठी एखादा रुपया वजा होऊन परत येतो. त्याने घाबरू नये.

तिसरी पायरी : मंजुरीचा पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर संस्थेचे नाव वाचा. नाव विद्यालयाच्या संस्थेचे नसेल, तर तेथेच थांबा आणि कार्यालयाला फोन करा.

चौथी पायरी : जुन्या व्यवस्थेतील शेवटची वजावट मार्च महिन्यातील असेल. त्यानंतर जुनी परवानगी रद्द करा. जुन्या परवानग्या कार्डाच्या किंवा नॅचच्या असल्याने त्या आपल्या बँकेच्या ॲपमध्ये, संकेतस्थळावर किंवा शाखेत रद्द करता येतात. विद्यालयाकडून जुन्या कंपनीला १ एप्रिलपासून वसुली बंद करण्याचे लेखी पत्र दिले जात आहे. तरीही आपल्या दाराची कडी आपणच लावलेली बरी.

पाचवी पायरी : एप्रिलच्या पहिल्या वजावटीनंतर विद्यालयाची पावती आली का ते पाहा. आठ दिवसांत आली नाही, तर आम्हाला कळवा. बँकेचा संदेश हा रक्कम वजा झाल्याचा पुरावा आहे. रक्कम पोहोचल्याचा पुरावा विद्यालयाची पावती आहे.

नजरचुकीने एप्रिलमध्ये दोन्हीकडून रक्कम गेली, तर जादा रक्कम परत हवी की देणगीत धरावी, हे दात्याने सांगावे. त्याने सांगेपर्यंत ती वेगळ्या सदरात राहील. हा निर्णय आम्ही परस्पर घेणार नाही.

एप्रिलच का?

कलम ८०-जी खालील देणगीचा हिशेब आर्थिक वर्षाप्रमाणे होतो. संस्थेला प्रत्येक दात्याची वर्षभराची देणगी फॉर्म १०-बीडीमध्ये नोंदवून ३१ मेपर्यंत प्राप्तिकर विभागाकडे सादर करावी लागते आणि दात्याला फॉर्म १०-बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागते. वर्षाच्या मध्यात कंपनी बदलली असती, तर एकाच दात्याची नोंद दोन याद्यांत विभागली गेली असती. एका यादीत आद्याक्षरे, दुसरीत पूर्ण नाव, अशा किरकोळ तफावतींतून प्रमाणपत्रे अडतात. ३१ मार्चला जुनी वही मिटून १ एप्रिलला नवी उघडली की हा गोंधळ टळतो. नव्या करप्रणालीत ८०-जीची वजावट मिळत नाही, ही गोष्टही नोकरदार माजी विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी.

लहान दात्यांसाठी दोन शब्द

मध्यस्थ कंपनी आपले शुल्क घेते आणि त्या शुल्कावर जीएसटी लागतो. शुल्क दोन पद्धतींनी आकारले जाते. शेकडा दोन रुपये असेल, तर दोनशे रुपयांवर चार रुपये जातात. पण दर वजावटीस पाच रुपये असे ठोक शुल्क असेल, तर हजार रुपयांतून अर्धा टक्का जातो आणि शंभर रुपयांतून पाच टक्के. ठोक शुल्क गरिबाच्या देणगीवर अधिक पडते. बँकखात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून व्यापारी सवलत शुल्क नाही, तरी कंपनी आपल्या सेवेचे वेगळे शुल्क लावू शकते. त्यामुळे करार करताना समितीने शंभर रुपयांच्या देणगीला किती खर्च येतो हाच प्रश्न प्रथम विचारला. शंभर रुपये देणाऱ्यांनी इच्छा असल्यास दरमहाऐवजी तिमाही तीनशे रुपयांची संमती द्यावी. चार वेळचे शुल्क बारा वेळच्या शुल्काहून कमी असते.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. नॅचच्या वजावटीच्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल, तर अनेक बँका खातेदाराकडून दंड घेतात आणि तो दंड शंभर रुपयांच्या देणगीपेक्षा कितीतरी अधिक असू शकतो. ज्यांचे उत्पन्न रोजंदारीचे किंवा हंगामी आहे, त्या पालकांनी नॅचच्या भानगडीत पडू नये, अशी आमची विनंती आहे. त्यांनी पौर्णिमेला विहारात येऊन रोख दान द्यावे आणि पावती घ्यावी. त्या पावतीचे मोल मोबाइलवरील पावतीइतकेच आहे. दान देताना देणाऱ्याच्या घरातील चूल अडचणीत येऊ नये.

परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांना

आपले काही विद्यार्थी आज परदेशांत आहेत. त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे आणि तो मोडल्यास संस्थेची नोंदणीच संकटात येऊ शकते. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी ‘परदेशी अंशदान’ ठरत नाही. मात्र ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी परदेशी अंशदान ठरते, मग ते मूळचे आपल्याच गावचे का असेनात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे अंशदान केवळ भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खास खात्यातच स्वीकारता येते आणि त्यासाठी संस्थेची स्वतंत्र नोंदणी लागते. म्हणून परदेशी नागरिकत्व असलेल्या बंधू-भगिनींनी नव्या क्यूआर कोडवरून देणगी देऊ नये. आधी कार्यालयाशी बोलावे.

सावधगिरी

संस्था मध्यस्थ बदलत आहे ही बातमी ठगांनाही कळते. विद्यालयातून कोणीही आपल्याला ओटीपी किंवा यूपीआय पिन विचारणार नाही. ‘जुनी देणगी परत मिळेल, पिन टाका’ असे कोणी म्हणाल्यास ती फसवणूक समजावी, कारण पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठीच लागतो. कोणाच्या सांगण्यावरून मोबाइलचा पडदा दाखवणारे ॲप घेऊ नये. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे.

नोंद सर्वांसमोर

एप्रिल ते जून या तीन महिन्यांत आम्ही कार्यालयाबाहेरील फलकावर दरमहा तीन आकडे लावणार आहोत : जुन्या व्यवस्थेत किती दाते होते, त्यांपैकी नव्या व्यवस्थेत किती आले आणि किती जणांशी संपर्क व्हायचा बाकी आहे. कोणाचेही नाव किंवा रक्कम त्या फलकावर नसेल. कंपनीकडून आलेला तपशील, बँकेचे खातेपत्रक आणि विद्यालयाचे पावतीपुस्तक या तिन्हींचा मेळ दर महिन्याला घातला जाईल आणि तो पाहण्याचा अधिकार प्रत्येक दात्याला असेल. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी आहोत. रुपयाचा हिशेब आपल्याला जड वाटता कामा नये.

त्रिरश्मीच्या त्या लेखाकडे पुन्हा पाहू. विणकरांच्या त्या श्रेणी आज नाहीत आणि कार्षापणही चलनात नाहीत. पण वीस भिक्खूंच्या चीवरांसाठी किती रक्कम, कोणाकडे, कोणत्या दराने ठेवली, हे आपण आजही वाचू शकतो, कारण देणाऱ्याने नोंद स्पष्ट करून ठेवली. आपल्या वसतिगृहातील मुले वर्षावासापुरती नव्हे, तर वर्षाचे दहा महिने आपल्याकडे असतात. जूनमध्ये ती सुटीवरून परततील, तेव्हा त्यांच्या ताटात काय असेल, हे बऱ्याच अंशी एप्रिलपूर्वी आपण दिलेल्या पाच मिनिटांवर ठरणार आहे. तेवढी पाच मिनिटे प्रत्येक माजी विद्यार्थी आणि प्रत्येक पालक देईल, असा आम्हाला विश्वास आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.